तोंडाला लावायचं औषध

मी वाडी सोडली त्या दिवशी आई मला पोलादपूरच्या स्टँडपर्यंत सोडायला आली होती. आमची वाडी कापडे गावाच्या वर, डोंगरात. तिथून पायवाटेने खाली उतरून, मग वडापच्या जीपने तालुक्याला येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. बोरिवलीची एसटी लागली, शांताराम मामा जागा धरायला वर चढला, तेव्हा तिने माझा हात धरून मला रसवंतीच्या मागे नेलं.

"मुंबईला काम मिळालं नसतं असं नाय," ती म्हणाली. "तिथं निम्मी वाडी हाय आपली. पण गुजरातेत दारूबंदी हाय. म्हणून तुला तिकडं धाडतेय. कळलं?"

मला कळलं होतं. बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि ते कशाने गेले हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मी मान हलवली. गाडी सुटली तेव्हा आई हात हलवत नव्हती. नुसती उभी होती, पदर तोंडावर धरून. रडताना तालुक्याच्या माणसांनी पाहू नये म्हणून असेल.

आता मी चाळिशी ओलांडली आहे. वाडीत जेवढी वर्षं काढली त्याहून जास्त बडोद्यात काढली. हे लिहितोय ते वाडीतल्या माणसांसाठी, आणि माझ्यासारखे जे बडोद्याला, सुरतेला, वापीला येऊन राहिले त्यांच्यासाठीही. समोरासमोर सांगायला गेलो की माझं तोंडच आडवं यायचं. म्हणून लिहितोय.

मामा ज्या बेकरीत होता तिथेच मला लावलं. आधी ट्रे धुणं, मग मैदा मळणं, आणि काही वर्षांनी भट्टी. बेकरीत भट्टीवरच्या माणसाला मान असतो, कारण त्याचं लक्ष चुकलं तर सगळ्यांची मेहनत करपते. लांब दांड्याच्या फळीने पावाचे ट्रे आत सारायचे आणि बाहेर ओढायचे. भट्टीचं दार उघडलं की झळ थेट चेहऱ्यावर येते. पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, आपण इथे टिकत नाही. पण टिकलो. शेठला "चालसे" म्हणायला शिकलो, दुपारच्या जेवणानंतर ताक प्यायला शिकलो. लग्न झालं. सुषमा तुडीलची, सावित्री नदीच्या काठची. तिला सुरुवातीला इथल्या गोड आमटीची शिसारी यायची, आता तिचाच हात गुळाच्या डब्याकडे जातो, आणि गावी गेल्यावर तिने केलेली आमटी कुणी पुन्हा वाढून घेत नाही. आमची तनू इथेच जन्मली. घरात मराठी बोलते, पण रागावली की गुजरातीत रागावते.

तिकडे वाडीत आईचं वेगळंच सुरू झालं होतं. बाबांनंतर तिने वाडीतल्या बायका गोळा केल्या. ओढ्याच्या कडेला हातभट्टी लागायची ती त्या सगळ्यांनी मिळून मोडली, डबे फोडले. प्यायलेल्या पुरुषाला देवळात पाय ठेवू द्यायचा नाही आणि शिमग्यात पालखीला खांदा देऊ द्यायचा नाही, असा नियम तिने गावकीच्या बैठकीत उभं राहून करून घेतला. वाडीतलं कुणी बडोद्याला आलं की म्हणायचं, "जनाकाकूनं वाडी सुधारली." मला ऐकून बरं वाटायचं. मी कधी थेंबाला शिवलो नाही. बेकरीतली पोरं दमण-दीवला जाऊन यायची, मला बोलवायची, मी जायचो नाही. त्यात मोठं काही नव्हतं. मी आईचा मुलगा होतो एवढंच.

चेहरा बिघडायला लागला तेव्हा मी पस्तिशीच्या आसपास असेन. आधी नुसती ऊब यायची. गरम चहा घेतला, मिरची खाल्ली, उन्हातून सायकल मारली की गाल तापायचे आणि तासभर निवायचे नाहीत. मग ते लाल राहायलाच लागले. नाकावर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, गालांवर पुटकुळ्या आल्या, डोळे चुरचुरायचे. मी वाडीतल्या इतरांपेक्षा गोरा. सावळ्या माणसाच्या तोंडावर जे लपलं असतं ते माझ्या तोंडावर लांबून दिसायचं.

"महेशभाई, माल क्यांथी लावो छो?" पॅकिंगमधला एकजण विचारायचा. म्हणजे, माल कुठून आणता? दारूबंदीच्या राज्यात लाल नाकाचा माणूस म्हणजे ओळखीपाळखीचा माणूस. मीही हसायचो. हसलो नाही तर खरं वाटेल म्हणून हसायचो.

मग तनूच्या शाळेतली पालकसभा आली. तिच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची जराशी मागे घेतली. अगदी जराशी. वही दाखवताना त्या माझ्याशी न बोलता तनूशी बोलत होत्या. बाहेर आल्यावर तनू माझ्या पुढे पुढे चालत होती. घराजवळ आल्यावर मागे न बघता म्हणाली, "पप्पा, पुढच्या मीटिंगला मम्मीलाच येऊ दे ना."

मी बरं म्हणालो. ती तेव्हा चौथीत होती. ती पुढे पुढे चालली म्हणून मला तिचा राग आला नाही. लहानपणी मीही असंच पुढे चालायचो, आणि माझ्या मागून कोण यायचं ते वाडीतल्या जुन्या माणसांना माहीत आहे.

सुषमाने मला कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. खासगी दवाखाना, एसी, भिंतीवर गुळगुळीत चेहऱ्यांचे फोटो. डॉक्टरने बॅटरी मारून पाहिलं आणि विचारलं, "ड्रिंक करता?"

"नाही."

त्याने पुन्हा एकदा वर पाहिलं. मग म्हणाला, "रोझेशिया आहे. चेहऱ्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून राहतात. पूर्ण जात नाही, पण आटोक्यात राहतो. उन्हात फिरू नका, उष्णतेजवळ उभे राहू नका." मी भट्टीवर काम करतो हे सांगितलं. तो लिहिता लिहिता थांबला, मग पुन्हा लिहायला लागला. त्याने एक क्रीम लिहून दिलं.

मेडिकलमध्ये ते क्रीम हातात आलं तेव्हा मला आधी वाटलं हे सॅम्पल आहे. करंगळीएवढी नळी. किंमत ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारलं. गॅसच्या टाकीहून जास्त होती. मागे लोक उभे होते, म्हणून घेतलं.

ते औषध चांगलं होतं. दोनेक महिन्यांत पुटकुळ्या बसल्या, आग कमी झाली. पण मी ते लावायचो ते चोरून. बाथरूमचं दार लावून, तुरीच्या दाण्याएवढं घेऊन, तेही पुरवून पुरवून. आमच्या वाडीत पुरुषाने तोंडाला कधी काही लावलं असेल तर ते लग्नाची हळद. इथे मी महिन्याचा किराणा कमी करून स्वतःच्या गालांवर चोपडत होतो. सुषमा म्हणायची, "घ्या तुम्ही, मी बघते कसं ते." ती बघायची म्हणजे काय करायची हे मला दिसत होतं. तिने दोन वर्षं नवी चप्पल घेतली नव्हती. तनूची फी आणि माझी नळी एकाच आठवड्यात आली तेव्हा मी म्हणालो, आता बरं आहे, नको. महिन्याभरात तोंड पहिल्यासारखं झालं.

वस्तीतल्या मेडिकलवाल्याने ते पाहिलं. "अरे भाई, इतना महंगा क्यों? ये लगाओ. सब यही ले जाते हैं." ती नळी वडापावच्या भावात मिळत होती. आठवड्याभरात माझा चेहरा असा साफ झाला की मी स्वतःहून आरशात बघायला लागलो. तनूला शाळेत सोडायला गेलो. मामाला म्हणालो, मोठा डॉक्टर लुटतो, खरं औषध गरिबाच्या दुकानात मिळतं. काही महिने असे सुखाचे गेले. नंतर त्या नळीने गुण येईनासा झाला. कातडी पातळ झाल्यासारखी वाटायची, एक दिवस चुकलं तर तोंडाची आग व्हायची. घाबरून मी ती बंद केली. नेमका तेव्हाच शिमगा आला आणि आम्ही गावी निघालो.

वाडीत पोचलो तोवर माझं तोंड सोललेल्या बिटासारखं झालं होतं. आईने दारात पाहिलं, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काय झालंय रे तोंडाला?"

"ऊन लागलंय. औषध चालू आहे."

तिने आणखी काही विचारलं नाही. पण मी आत जाताना ती माझ्या अंगावरून जवळून गेली, आणि माझ्या खांद्यापाशी तिने श्वास आत ओढलेला मला कळला. ही सवय तिला बाबांमुळे लागली होती. लहानपणी मी ती रोज बघायचो.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पालखी सहाणेवरून, म्हणजे देवळासमोरच्या दगडी ओट्यावरून, उठवून घरोघर न्यायची होती. खालूबाजा वाजत होता. सगळी वाडी जमलेली, मुंबईवाले, सुरतवाले, सगळे. तनू तिच्या आजीजवळ उभी होती. मी टोपी नीट केली आणि खांदा द्यायला पुढे झालो.

"थांब रे मह्या," नारू म्हणाला. नारू आमच्या भावकीतला, माझ्याहून थोडा मोठा. प्यायचा म्हणून आईने त्याला दोन शिमगे पालखीपासून लांब ठेवलं होतं. "आधी काकूला बघू दे तुझं तोंड."

काहीजण हसले.

"नियम सगळ्यांना सारखा हाय ना काकू? का गुजरातवाल्याला येगळा?"

"अरे, गुजरातेत मिळत नाय," कुणीतरी माझ्या बाजूने बोललं.

"मिळत नाय म्हणून तर म्हाग पडते. बघ ना, कशी तोंडावर दिसते म्हागाची."

आता हसणारे वाढले. मी म्हणालो, "आजार आहे हा. डॉक्टरने औषध दिलंय."

"कसलं औषध?"

"क्रीम. तोंडाला लावायचं."

एवढं बोललो आणि मला कळलं की मी बोलायला नको होतं. लाज वाटली की कुणाचंही तोंड लाल होतं. माझं आधीच लाल होतं, ते आणखी पेटलं. कपाळ, कान, मान, सगळं तापलं. डोळ्यांत पाणी आलं. मला स्वतःला बाहेरून पाहता आलं असतं तर मीही म्हणालो असतो, हा प्यायलेला आहे. सहाणेच्या कडेला बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला हळू म्हणाला, पण मी ऐकलं, "बापाचंच तोंड घेऊन आलाय."

बाजा थांबला होता. आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ती माझ्या खांद्याला लागते. तिने मान वर केली.

"तोंड उघड."

मी उघडलं. चाळिशीला आलेला माणूस, बायको-मुलीसमोर, देवासमोर, आ वासून. तिने वास घेतला. मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वास नाय."

मी पालखीकडे वळलो. तिने माझ्या दंडाला धरलं.

"तरी आज तू खांदा देऊ नको."

"का? वास नाही म्हणालीस ना?"

"नाय वास. पण लोकांनी तोंड बघितलंय."

तिचा आवाज खाली गेला होता. इतकी वर्षं तिने वाडीला धाकात ठेवलं, आणि त्या क्षणी तिला वाडीची भीती वाटत होती. ते मला आज समजतं. तेव्हा मला एवढंच समजलं की तिला माझ्या श्वासाबद्दल खात्री पटली आणि तरी ती माझ्या बाजूने उभी राहिली नाही. पालखी उठली. मी बाया-पोरांबरोबर मागे मागे चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दोन दिवस आधीच. मी टॉवेल डोक्यावरून घेऊन तोंडाला गुंडाळला होता. आईने भाकऱ्या बांधून दिल्या, त्या सुषमाने घेतल्या.

त्यानंतर आईचा फोन आला की सुषमा बोलायची. मी समोर असलो तरी कामावर आहे असं सांगायची.

मामाच्या सुनेने सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या ओपीडीचं सांगितलं. तिथे रांग मोठी होती, पण डॉक्टरबाई तरुण होत्या आणि ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी वस्तीतल्या मेडिकलची नळी हातात घेतली आणि कपाळाला हात लावला.

"यात स्टिरॉइड आहे. तुमच्या चेहऱ्याला याची सवय लागलीय. आता सोडलं की आणखी भडकणार. पण सोडायलाच लागेल."

सवय लागलीय. आमच्या घरात हे दोन शब्द एकाच गोष्टीसाठी वापरले जायचे. मी खाली बघत बसलो.

पुढचे काही आठवडे मी माणसात राहण्यासारखा नव्हतो. चेहरा सुजला, त्यावर पाणी घेतलं तरी आग व्हायची. बेकरीत मी रुमाल बांधून उभा राहायचो आणि रुमालाच्या आत घाम साचून आणखी बिघडायचं. घरातल्या आरशावर मी सुषमाची ओढणी टाकून ठेवली. तेच तिने आईला फोनवर सांगितलं असणार.

कारण वैशाखात एका दुपारी आई बेकरीच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या पुढे ती आयुष्यात कधी गेली नव्हती. मामाचा मुलगा गावाहून येत होता, त्याच्यासोबत आली होती. हातात पिशवी, पायात धुळीने भरलेली चप्पल. मी रुमाल बांधून भट्टीसमोर होतो. ती सरळ आत आली. शेठने "कोण छे?" विचारलं, मामाने त्याला काहीतरी सांगितलं.

"इथं उभा राहतोस तू?" ती म्हणाली.

"हो."

"दार उघड त्याचं."

"आई, झळ लागेल."

"उघड."

मी उघडलं. ती माझ्या जागी उभी राहिली. झळ आली तशी तिने डोळे मिटले, पण हलली नाही. मी ट्रे ओढले, दुसरे सारले, दार लावलं. ती तिथेच उभी होती. तिच्या सावळ्या कपाळावर घामाचे थेंब जमले होते. "रोज?" तिने विचारलं. मी मान हलवली. मग तिने माझ्या तोंडावरचा रुमाल सोडला आणि सगळ्यांच्या समोर माझा चेहरा नीट पाहिला. पालखीपाशी तिने वास घेतला होता, चेहऱ्याकडे बघितलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला ती माझ्याबरोबर आली. डॉक्टरबाईंना मराठी समजायचं, बडोद्यात बऱ्याच जणांना समजतं. त्यांनी सगळं पाहून झाल्यावर कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं असं? आई-वडिलांपैकी?"

"नाही," मी म्हणालो.

"व्हतं," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती डॉक्टरबाईंकडे बघत होती.

"ह्याच्या बापाला. असंच. नाक, गाल. पण तो दारू प्यायचा ना, म्हणून आम्ही... ते दारूनंच व्हतं ना बाई?"

"दारूने वाढतं. पण दारू न पिणाऱ्यांनाही होतं. मी त्यांना पाहिलेलं नाही, तेव्हा नक्की नाही सांगता येणार. पण घराण्यात येतो हा आजार. त्यांचं कधी सुरू झालं? पिण्याच्या आधी की नंतर?"

डॉक्टरबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर कडुनिंबाखाली एक बाक होतं. तिथे बसल्यावर आईने पिशवी मांडीवर घेतली.

"आधी," ती म्हणाली.

मी डॉक्टरबाईंचा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"तुझा बापूस कशेडीच्या घाटात रस्त्याच्या कामावर व्हता. डांबर तापवायचा. लग्न झालं तवा बाया मला म्हणायच्या, गोरा नवरा मिळाला गो तुला. मग दोन-तीन वर्षांत तोंड लाल व्हायला लागलं. फोड यायचे. तवा तो घेत नव्हता. मुकादम म्हणाला, तू पिऊन येतोस, आणि कामावरनं काढलं. घरी आला, मला म्हणाला, जने, मी घेतली नाय. मी काय म्हणले ठाव हाय? म्हणले, मग तोंड का असं झालंय."

समोरच्या नळावर कुणीतरी बाटली भरत होतं. आई तिकडे बघत होती.

"सगळेच म्हणत व्हते. मी पण म्हणत व्हते. किती वर्षं म्हणत व्हतो. पुढं कवातरी घ्यायलाच लागला."

"आई, दारू त्यांनी स्वतः घेतली. कुणी तोंडात ओतली नाही."

"घेतली. ते मी नाय म्हणत नाय. घरदार घालवलं त्यानं, तुला मारलं, मला मारलं. ते सगळं खरं हाय. पण त्या दिवशी तो खोटं बोलला नव्हता रे."

ती रडली नाही. पिशवीचे बंद हातात घट्ट धरून बसली होती. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण मला स्वतःचीच लाज वाटत होती. बाबा शाळेच्या वाटेवर दिसले की मी ओढ्यात उतरून लपायचो. ते हाक मारायचे. त्यातल्या किती वेळा ते शुद्धीत होते, हे मला आता कधी कळणार नाही.

डॉक्टरबाईंनी या वेळी जुनं, साधं जेल लिहून दिलं होतं. महागड्या क्रीमइतकं झटपट नाही, पण सरकारी योजनेच्या जेनेरिक दुकानात परवडेल अशा भावात मिळणारं. आईने ते दुकान गाठेपर्यंत मला घरी येऊ दिलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "लाव." मी बाथरूमकडे निघालो. "तिकडं कुठं? इथं लाव. आरशावरचं फडकं काढ." तनू अभ्यास करत बसली होती. तिने वही खाली ठेवली आणि मी लावलेलं पहिल्यांदा पाहिलं. "पप्पा, इथे राहिलं," असं म्हणून तिने माझ्या नाकाच्या बाजूला बोट दाखवलं.

शेठने मला भट्टीवरून पॅकिंगला घेतलं. पगार कमी झाला. भट्टीचा मानही गेला, हे मी रोज अनुभवतो. माझ्या जागी आलेला माणूस खारी जरा जास्त भाजतो आणि मी काही बोलू शकत नाही. सुषमा शेजारच्या बाईंकडे खाखरे लाटायला जाते. कधी कधी जेल संपतं आणि पगार लांब असतो, तेव्हा मी नळी कात्रीने उभी कापून आतलं पुसून घेतो. चेहरा बराच शांत आहे. पूर्ण गेलेला नाही, जाणारही नाही. उन्हाळ्यात अनोळखी माणूस अजून खुर्ची मागे घेतो.

पुढच्या शिमग्याला मी जाणार नव्हतो. आईच्या आग्रहाने गेलो. पालखी उठायच्या आधी ती बाजेवाल्यांना थांबा म्हणाली.

"गेल्या साली मी माझ्या पोराला खांदा देऊ दिला नाय. वास नव्हता तरी. तुमच्या भीतीनं. ते चुकलं माझं." ती थोडी थांबली. "त्याच्या बापाला पण असाच रोग व्हता. दारूच्या आधीपासनं. आपण सगळ्यांनी त्याला दारुड्या म्हणून टाकलं, तवा तो पीत नव्हता. पहिली मी म्हणले."

ज्या बाईने सगळ्या वाडीच्या तोंडाचा वास घेतला, तिने असं म्हणावं याचं काय करायचं हे कुणाला कळत नव्हतं. शेवटी नारूच म्हणाला, "मग उचल ना रे मह्या. ऊन वाढतंय." मी खांदा दिला. सगळ्यांना पटलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी ओढ्यावरून दोघे जाताना मी ऐकलं, "जनाकाकू पोराला झाकतेय." जाऊ दे.

त्या रात्रीच्या जेवणात तनूने आजीला विचारलं, "आजोबा कसे दिसायचे?" हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. आई भाकरी थापत होती, थापता थापता म्हणाली, "तुझ्या पप्पासारखे." मी घास घेत होतो, तो घेतला. जन्मभर ज्या वाक्याला घाबरलो ते माझ्याच आईने माझ्याच मुलीला सांगितलं, आणि तनू "अच्छा" म्हणून पुढे जेवायला लागली.

परवा, गणपतीला गेलो तेव्हाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. घाईत निघालो होतो, जेल बडोद्यातच विसरलो. घरी पोचल्यावर पिशव्या उलट्यापालट्या करून शोधत होतो. आई म्हणाली, "काय हुडकतोस?" आणि तिने कुंकवाच्या करंड्याशेजारच्या फळीवरून एक नळी काढून माझ्या हातात दिली. नवी, न उघडलेली, तीच. महाडच्या जेनेरिक दुकानातून आणून ठेवली होती.

"कधी आणलीस?"

"आणली. तू येशील तवा इथं पण असायला पायजे ना."

मला कुणी विचारलं, तुझं घर कुठलं, की मी अजूनही अडखळतो. भाड्याची खोली बडोद्यात, रेशनकार्ड बडोद्यात, तनूची भाषा अर्धी गुजराती. वाडीत माझं काही उरलंय का, हे मला सांगता यायचं नाही. आता सांगता येईल. तिथल्या फळीवर माझं औषध ठेवलेलं आहे.

मी ते घेऊन ओटीवर आलो आणि उजेडाकडे तोंड करून लावायला बसलो. रस्त्याने माणसं येत-जात होती. लाज वाटली. अजून वाटते. नारू चालला होता, तो थांबला.

"काय रे लावतोस?"

"औषध," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला आणि ओटीवर टेकला. मी दुसऱ्या गालाला लावून होईपर्यंत तो भाताबद्दल बोलत बसला.